दगडांचे आधण

दिवाळीच्या पहाटे आमच्या घरी बंब पेटे, तेव्हा फराळाची चूल नुकतीच विझलेली असे. दोहोंची राख परसातल्या एकाच खड्ड्यात जाई. आयर्लंडमधील जळक्या दगडांच्या ढिगांविषयी वाचताना मला तो खड्डा वारंवार आठवला.

हे ढीग बहुधा ओढ्याकाठी, पाणथळ जागी सापडतात. आकार घोड्याच्या नालासारखा. जवळच जमिनीत पुरलेले कुंड आणि भोवती तडकलेल्या दगडांचा व कोळशाचा खच. बहुतेक कांस्ययुगातले.

कॉर्कचे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी बॅलीव्हूर्नी येथे उत्खनन केले आणि १९५४ साली त्यावर निबंध लिहिला. तो मला मोलाचा वाटतो. कारण त्यांनी नुसता तर्क लढवला नाही, चूल पेटवून पाहिली. कुंडात सुमारे साडेचारशे लिटर पाणी भरले, त्यात तापलेले दगड सोडले आणि अर्ध्यापाऊण तासात आधण आले. पेंढ्यात गुंडाळलेली दहा पौंडांची मेंढीची तंगडी ३ तास ४० मिनिटांत उत्तम शिजली.

येथवर तक्रार नाही. पण मांस शिजू शकते एवढेच यावरून सिद्ध झाले. मांसच शिजत होते, हे नव्हे. ढिगांत हाडे फार थोडी मिळतात. आम्ल मातीत ती विरतात हे खरे. परंतु विरलेल्या हाडाची साक्ष कशी काढायची? १९८७ साली बारफील्ड आणि हॉडर यांनी ही बाष्पस्नानाची ठिकाणे असावीत असे सुचवले. २००७ साली क्विन आणि मूर यांनी अशाच कुंडात बिअर करून दाखवली. तीही झाली!

गंमत अशी की, सतराव्या शतकातील जेफ्री कीटिंग यांनी फियाना वीरांची जी कथा लिहून ठेवली आहे, तीत खड्डे दोन आहेत. एकात मांस शिजते. दुसऱ्याभोवती बसून वीर अंग धुतात. ओ'केलींच्या निष्कर्षात उजळून निघतो तो पहिलाच.

प्रयोगाचे मोल याने कमी होत नाही. काय शक्य आहे ते तो दाखवतो. अनेक शक्यतांतून एक निवडणे त्याच्या हातचे नाही. आणि एकच उत्तर पक्के केले की मेजवानीला बसलेले शिकारी तेवढे दिसतात. सरपण आणणारी, दगड वाहणारी, कदाचित त्याच पाण्याने पोरांना न्हाऊ घालणारी माणसे दिसेनाशी होतात.

आमच्या परसातल्या राखेवरून कोणी विचारले असते, 'हे न्हाण्याचे की रांधण्याचे?' तर आजी म्हणाली असती, 'अरे, दोन्हीचे!'