भुजा आणि कोन : ‘गणित का जादू’मधील भूमितीचे परीक्षण (मलाजखंडच्या संदर्भात)

प्रस्तावना

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने प्राथमिक इयत्तांसाठी ‘गणित का जादू’ ही पुस्तकमाला काढली. २०२३ पासून तिची जागा नव्या पुस्तकांनी टप्प्याटप्प्याने घेतली. तथापि पाचवीच्या पुस्तकातील (२००८) आकार व कोनांवरील प्रकरण अध्यापनाचा नमुना म्हणून आजही तपासण्याजोगे आहे. सदर परीक्षणासाठी बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडचा संदर्भ घेतला आहे. हिंदुस्थान कॉपरच्या १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची खुली खाण येथे पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेली. सपाट पायरी आणि तिच्यालगतची तिरकी भिंत यांच्यातील कोन कोणालाही दिसावा इतका मोठा आहे. उदाहरणाची उणीव नाही. अडचण शब्दांची आहे.

प्रकरणाचे बलस्थान

प्रकरणाचा प्रारंभ व्याख्येने होत नाही. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून मुले आकृत्या करतात. तीन काड्यांची आकृती दाबली तरी बदलत नाही. चार काड्यांची मात्र सहज कलते. काड्या त्याच, लांबी तीच, कोन तेवढे बदलतात. पिएर व्हान हिले व दीना व्हान हिले-गेल्डोफ या डच दांपत्याने १९५७ मध्ये मांडलेल्या पायऱ्यांनुसार मूल प्रथम आकृती रूपावरून ओळखते, नंतर तिचे गुणधर्म पाहू लागते. दुसऱ्या पायरीवर मुलाला नेण्यास हा प्रयोग समर्थ आहे.

मर्यादा

प्रयोगातून जे कळले ते शब्दात बांधण्याचे काम मात्र शिक्षकावर येते. बालाघाटची सीमा महाराष्ट्राच्या गोंदियाला लागून आहे. घरी मराठी व शाळेत हिंदी असलेल्या मुलाला ‘वर्ग’ म्हणजे शाळेची खोली ठाऊक असते. हिंदी भूमितीत तोच शब्द चौरसाचा होतो. ‘काटकोन’ तेथे ‘समकोण’ असतो. असे मूल गोंधळले की ते गणितात कच्चे ठरवले जाते. ही त्या मुलाची मोठी हानी आहे, कारण त्याला आकृती समजलेली असते, नाव तेवढे समजलेले नसते.

वस्तुतः दोन भाषा येथे अडथळा नसून साधन आहेत. हिंदीतील ‘त्रिभुज’ आणि ‘चतुर्भुज’ भुजा मोजतात. मराठीतील ‘त्रिकोण’ आणि ‘चौकोन’ कोन मोजतात. उर्दूतील ‘मुसल्लस’ केवळ तीनपणा सांगतो. तीन काय, हे मुलाने शोधावयाचे. काड्यांची चौकट कलली की भुजा कायम राहिल्या आणि कोन बदलले, हा भेद या नावांतच दडलेला आहे. संपूर्ण देशासाठी लिहिलेल्या पुस्तकाकडून सीमेवरील भाषांची दखल अपेक्षिता येत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाकडून ती निश्चितच अपेक्षित आहे.

निष्कर्ष

प्रकरणाची पद्धत योग्य आहे. तिला भाषेची जोड हवी. अध्यापक महाविद्यालयांतील पाठ-नियोजनात घरचा व पुस्तकातील असे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून ‘हे नाव काय मोजते?’ हा प्रश्न विचारला जावा. व्याख्या त्यानंतर सांगावी. घरचा शब्द चुकीचा म्हणून पुसला गेला, तर त्यासोबत मुलाने स्वतः पाहिलेला गुणधर्मही पुसला जातो.