यंत्रमानवाचे हातवारे आणि पिंगुळीची बाहुली

यंत्रमानव हातवारे करून गोष्ट सांगतो असे ऐकले, की आपण एकतर भारावून जातो, नाहीतर नाक मुरडतो. समीक्षकाला यातले काहीच परवडत नाही. माणसाच्या हाताला लावतो तीच कसोटी यंत्राच्या हाताला लावून पाहावी.

ती कसोटी आपल्या परिसरातच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपला. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या बाहुलीचा चेहरा लाकडी, न हलणारा. तरीही ती रडते. कशी? सूत्र ढिले होते, मान सावकाश खाली येते आणि क्षणभर काहीच हलत नाही. त्या स्तब्धतेत प्रेक्षक आपले दुःख ओततो.

फ्रान्समध्ये घडलेला ५८ सेंटिमीटर उंचीचा 'नाओ' हा यंत्रमानव अनेक देशांत मुलांना गोष्टी सांगण्यासाठी वापरला गेला. त्याचाही चेहरा स्थिर, डोळ्यांच्या जागी दिवे. इथवर दोघांची बरोबरी. पण नाओ बोलू लागला की त्याचे हात बहुधा हलतच राहतात. शब्दागणिक हात उठू लागला, तर एकाही हाताला वजन उरत नाही. सुमार कीर्तनकाराचेही हेच होते.

उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या यात्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात. तेथे कन्नड, कोकणी आणि मराठी आज्या शेजारी बसल्या, तर एकीची गोष्ट दुसरीला शब्दशः कळेलच असे नाही. पण नातवावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटे मोडली, की अर्थ तिघींनाही कळतो. नाओच्या हाताला तीनच बोटे, तीही एकदम मिटणारी. हा हात घडवणाऱ्यापुढे आपली आजी नव्हती.

म्हणून यंत्र त्याज्य ठरत नाही. कुंदापूरजवळच्या उप्पिनकुद्रूत कोकणी कामत घराण्याने कन्नड यक्षगान बाहुल्यांतून उभे केले. घरची भाषा एक, खेळाची दुसरी. बाहुलीचे त्यावाचून काही अडले नाही. आपल्या दुभाषी घरांत, जिथे नातवंडांना आजीची निम्मीच भाषा येते, तिथे हातवाऱ्यांनी बोलणाऱ्या यंत्राचाही उपयोग होऊ शकेल. मात्र त्याचे हात बसवताना अभियंत्याशेजारी एखादा सूत्रधार बसला पाहिजे. हात कधी उचलू नये, हे त्याला ठाऊक असते.