हे कशाचं चित्र?

शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ च्या विजयादशमीला बसली. ती घडवणारे बाळाजी वसंत तालीम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. छायाचित्रावरून त्यांनी दगडात आणलेलं ते माणूसपण कॅलेंडर, लॉकेट, रिक्षाची काच असं सगळीकडे पोचलं आणि या परिसराची नजर त्यावर पोसली गेली. चित्र म्हणजे साम्य, ही इथली पहिली कसोटी. म्हणून शाळेत अमूर्त चित्र दाखवलं की मुलं ‘हे कशाचं?’ असं विचारणारच. प्रश्न रास्त आहे. त्याला न टाळता सामोरा जाणारा शिक्षक कुठून येणार, याची मला काळजी वाटते.

असे शिक्षक त्याच जे. जे.मध्ये होते. शंकर पळशीकर १९६८ ते १९७५ तिथे अधिष्ठाता होते. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते, जन्म १९४६, सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचे. १९६८ मध्ये त्यांनी पदविका घेतली आणि १९७२ ते १९९४ अशी २२ वर्षं तिथेच शिकवलं. महाराष्ट्रातलं अमूर्त चित्र प्रदर्शनांइतकंच या वर्गांमध्ये वाढलं, असं माझं मत आहे.

कोलत्यांच्या कॅनव्हासवर बहुधा एकाच रंगाचा मोठा विस्तार असतो. लांबून तो सपाट वाटतो. जवळ गेलं की खालचे थर हलू लागतात: दबलेला लाल, ओघळून थांबलेला निळा, पुरता न झाकलेला एखादा आकार. वरचा रंग खालच्याला पुसत नाही. झाकता झाकता थोडं उघडं ठेवतो. सुरुवातीच्या चित्रांवर पाउल क्लेची छाप स्पष्ट आहे. पुढे ती लहान चिन्हं रंगात विरत गेली. क्लेपासून त्यांना मोकळं केलं ते रंगानेच, असं ही चित्रं ओळीने पाहताना जाणवतं.

इथे एक मोह आवरायला हवा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सगुण-निर्गुण हे शब्द आमच्या तोंडी आयते असतात. अमूर्त चित्र दिसलं की ‘हे निर्गुण’ म्हणून हात जोडायचे आणि पुढे जायचं! यात आदर आहे, पण पाहणं नाही. पळशीकरांना भारतीय तत्त्वविचाराची ओढ होती, हे खरं. तरी त्यांच्या चित्रातही आधी रेषा तोलावी लागते, रंगाचं वजन जोखावं लागतं. कोलत्यांनी ‘कलेपासून कलेकडे’ हे पुस्तक मराठीत लिहिलं, याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. चित्राबद्दल चित्राच्या अंगाने बोलायला आपल्या भाषेत शब्द लागतात आणि ते अजून अपुरे आहेत.

दरम्यान बाजार पुढे निघून गेला. २०२१ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं एक अमूर्त चित्र जवळजवळ ४० कोटी रुपयांना विकलं गेलं. त्या बातमीने किंमत गावोगाव पोचली, चित्र पोचलं नाही. तालुक्याच्या शाळेत चित्रकला येते ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या रूपाने. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलं वस्तुचित्र घोटतात, स्मरणचित्र पाठ करतात. वास्तविक संकल्पचित्राच्या कागदावर मुलाला नाव नसलेला आकार सुचू शकतो. पण तिथेही ठरलेलं फूल, ठरलेली वेलबुट्टी आणि रंग रेषेबाहेर जाऊ नये ही धास्ती.

मुलांना अमूर्त चित्र पाहायला शिकवण्यासाठी सुरुवातीला मोठी साधनं लागत नाहीत. उदीचा करडा रंग शिर्डीतल्या प्रत्येक मुलाच्या बोटांना ठाऊक आहे. तसाच करडा कालवून एकदा निळ्याशेजारी लावावा, एकदा गेरूशेजारी. निळ्याजवळ तो उबदार दिसतो, गेरूजवळ गार. मग मुलांनाच विचारावं, रंग तर एकच होता, बदललं काय?