सात रेघा आणि वीस बाजूंचा फासा

‘गुरुचरित्रा’च्या सप्ताहात वाचक पंचविसाव्या अध्यायापाशी आला की ऐकणारे जरा सावरून बसतात. विदुरानगरीच्या यवन राजाने गौरवलेले दोन उन्मत्त पंडित जयपत्रे मिरवीत येतात, त्रिविक्रमभारतींना वादाचे आव्हान देतात, आणि प्रकरण गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींसमोर येते. स्वामी वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात आणि भूमीवर सात रेघा ओढवितात. एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक पूर्वजन्म आठवतो. पहिल्या रेघेवर तो भिल्ल असतो, सातवीवर वेदपारंगत ब्राह्मण. मग तो वादाला उभा राहतो आणि पंडितांची वाचा बसते.

ही कथा एका परक्या खेळाच्या चर्चेत आठवावी, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्या घरांतील पुण्या-बंगळूरला शिकणारी मुले सुटीत आली की कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र फासे मांडून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळताना दिसतात. पट असतो, नसतोही. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, पुरोहित अशी सोंगे घेतात. खेळापेक्षा नियमांवरचे वादच अधिक रंगतात, आणि ते दोन गोष्टींभोवती फिरतात : कोणाला काय होता यावे, आणि वार लागला म्हणजे नेमके काय झाले. या वादांना पोरखेळ म्हणून हसण्यापूर्वी ते समजून घ्यावेत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम कुळाकडे पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यामागे गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे 1971 चे ‘चेनमेल’ हे युद्धखेळाचे पुस्तक होते; त्याही मागे प्रशियाच्या सैन्यात रुजलेला राइसवित्झचा 1824 चा युद्धखेळ, आणि त्याच्या मागे हेलविगने 1780 मध्ये बुद्धिबळ वाढवून रचलेला खेळ. बुद्धिबळाचे मूळ म्हणजे आपले चतुरंग : हत्ती, घोडा, रथ, पायदळ. सैन्याच्या अंगांना ठरीव चाल देणे, म्हणजेच ‘वर्ग’ पाडणे, ही कल्पना त्या वंशवेलीच्या मुळाशीच आहे. त्या मुळाजवळचा एक महत्त्वाचा ग्रंथ तर आपल्या दाराशी निर्माण झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ सुमारे 1129 चा. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. गजानन श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या या ग्रंथात चतुरंगाच्या खेळाचे वर्णन आहे, मल्लांची वर्गवारी आहे, आणि गीतविनोदात जुन्या मराठीचे नमुनेही आहेत. खेळाचे नियम लिहिणे हे राजाच्या विद्वत्तेला शोभणारे काम आहे, असे आपल्याच भागात मानले गेले होते.

आता मूळ वाद. 1974 च्या नियमांत सूत्रधार खेळाडूच्या सहा गुणांसाठी तीन-तीन फासे टाकी आणि खेळाडू जे पडेल ते क्रमाने लिहून घेई. हे प्रारब्ध. त्यानंतर तो आपला वर्ग निवडी. हे क्रियमाण. पराक्रमाने अनुभव मिळे आणि अनुभवाने पायरी चढे. इथवर रचना चोख आहे. परंतु त्याच नियमांत तिसरी एक गोष्ट होती : जन्म. खुज्या जातीच्या पात्राला केवळ योद्धा होता येई, तेही सहाव्या पायरीपर्यंतच. हाफलिंगला चौथी पायरी ही सीमा. माणसाला सीमा नव्हती. 1981 च्या प्राथमिक आवृत्तीत तर एल्फ किंवा खुजा असणे हाच त्याचा वर्ग ठरला. जन्म आणि व्यवसाय एक झाले. जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, या सीमा नसतील तर उपजत शक्ती लाभलेल्या जातींपुढे माणूस फिका पडेल. नव्या पक्षाचे म्हणणे असे की, समतोल राखायला अन्य उपाय आहेत. जन्मावर झाकण ठेवणे हा त्यांतला सर्वांत आळशी उपाय होय. 2000 च्या आवृत्तीने सीमा काढून टाकल्या.

आपल्या देशी बुद्धिबळातही हाच प्रश्न होता. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्या घरी मुळात जे मोहरे असे तेच ते होई. आंतरराष्ट्रीय नियमांत ते वाटेल त्या स्तंभातून वजीर होऊ शकते. प्याद्याचा वजीर होतो, पण कोणत्या वाटेने आलेल्या प्याद्याचा, हे नियम ठरवतो.

दुसरा वाद युद्धाचा. पायरी वाढते तसे पात्राचे ‘हिट पॉइंट’ वाढतात आणि पहिल्या पायरीवर एका वाराने मरणारा योद्धा पुढे दहा वार सोसतो. त्याचे शरीर दगडाचे झाले काय? गायगॅक्सने 1979 मध्ये खुलासा केला की, ही संख्या केवळ रक्तामांसाची नाही. तीत कौशल्य आहे, दैव आहे. तसेच चिलखताचे. या नियमांत चिलखत वाराची इजा कमी करीत नाही, वार लागण्याचीच शक्यता कमी करते. वास्तववादी खेळाडूंना हे खटकते. माझ्या मते त्यांची चूक अशी की, ते नियमाला छायाचित्र समजतात. नियम हा संकेत आहे, रंगभूमीवरच्या मरणासारखा. त्याची परीक्षा साम्यावर करायची नसते. तो कोणता निर्णय खेळाडूपुढे उभा करतो, यावर करायची असते.

आणि म्हणूनच मला या खेळातील सर्वांत अप्रिय नियम सर्वांत बोलका वाटतो. काही प्रेतयोनींचा स्पर्श झाला की मिळविलेली पायरी जाई. जखम भरून येते, मरणावरही मंत्र असतो, पण अनुभव पुसला जाणे खेळाडूंना सोसवत नसे. 2014 च्या आवृत्तीत हा नियम उरला नाही.

येथे आपण पुन्हा संगमाच्या काठी येतो. वाद जिंकलेला तो माणूस ब्राह्मणांत राहू द्या म्हणून विनवतो. त्याला विश्वामित्राचा दाखला देऊन सांगितले जाते की, देह तोच असता जात पालटत नाही. बायकामुले समोर येतात, तो त्यांना दूर सारतो. अखेर त्याला न्हाऊ घातले जाते, भस्म धुऊन जाते, आठवण जाते, आणि तो घरी परततो. परंपरा यात करुणा पाहते : त्या बायकोला नवरा आणि मुलांना बाप परत मिळाला. ते खरेच आहे, आणि मी ते नाकारीत नाही. परंतु कथेचा नियम म्हणून पाहिले तर सात रेघा पंडितांच्या गर्वहरणापुरत्या ओढल्या गेल्या. ओलांडणाऱ्याला त्यांतून काही उरले नाही. ज्ञान त्याच्यात होते, हे कथाच सिद्ध करते, आणि मग तीच ते धुऊन टाकते. याच मुलखात, कल्याणीला, बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांनी रेघ ओलांडलेल्याला परत न पाठविण्याचे धाडस केले होते. परंपरेने त्यांच्या सभेचे नाव सांगितले आहे ते ‘अनुभवमंटप’.

फासे टाकणारी आपली मुले हा इतिहास जाणत नसतील. पण मिळविलेला अनुभव कोणाला पुसता यावा काय, यावर ती रात्र-रात्र भांडतात. ते भांडण आपल्या ओसरीवर व्हावे, आणि आपण त्यात बसावे, हे बरे.