उपरोधाचं माप

श्रोतेहो, आजचा विषय उपरोध हा आहे. विषय हसण्याचा असला तरी तो समजून घेताना फारसं हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या भाषेत या एका घराण्यात चार-पाच शब्द नांदतात. विनोद, उपहास, उपरोध, विडंबन, आणि बोलीतला टोमणा. विनोदाला लक्ष्य असेलच असं नाही. पोळ्याच्या दिवशी बैल उधळला आणि धनी चिखलात बसला, की आपण हसतो. त्यात धन्याचा दोष काढायचा नसतो. उपहासाला लक्ष्य लागतं. विडंबनाला मूळ कृती लागते. मग उपरोधाला काय लागतं? बैठक दहाची असते, पुढारी बाराला येतात आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, ‘या साहेब, आज लवकर आलात.’ सगळे हसतात. का हसतात? कारण दहा म्हणजे दहा, हे बोलणाऱ्याला माहीत आहे, ऐकणाऱ्यांना माहीत आहे आणि साहेबांनाही माहीत आहे. दहाची वेळ कुणीच मानत नसतं, तर हे वाक्य म्हणजे साधं स्वागत झालं असतं.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. उपरोध सर्वांना मान्य असलेल्या एका मापावर उभा असतो. वसमतच्या बाजारात हळदीचं वजन करताना विकणारा आणि घेणारा, दोघंही काटा मानतात. म्हणून तिथे ‘माप मारलं’ असा आरोप करता येतो. काटाच मोडला तर आरोप उरत नाही, नुसती मारामारी उरते. उपरोधाचंही तसंच आहे. माप हरवलं की त्याची शिवी तरी होते, नाहीतर करमणूक तरी.

आता हे साहित्यात तपासून पाहू. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथ महाराजांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ चेष्टा करतात. दोघांनाही बोलायला मिळतं, दोघांनाही टोले बसतात आणि शेवटी समेट होतो. हा समेट वरून चिकटवलेला आहे, असं कुणी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. दोघांची भांडणाची भाषा पहिल्यापासून एकाच गोष्टीला धरून आहे: देव जर सगळीकडे आहे, तर तू त्याला इथेच का कोंडतोस? हे माप दोघांनाही मान्य आहे. म्हणूनच चेष्टा इतकी पुढे जाऊ शकते आणि तरी माणसं तुटत नाहीत.

दुसरं उदाहरण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात वकिली करता करता त्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधले लेख लिहायला घेतले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे त्यात वावरतात. सुधारकाने रूढींवर टीका करायची, तर सरळ व्याख्यान देता आलं असतं. कोल्हटकरांनी उलटं केलं. त्यांचा सुदामा रूढींच्या बाजूने बोलतो, त्यांचं समर्थन करतो आणि समर्थन जितकं जोरात, तितकी रूढी हास्यास्पद होत जाते. इथे लेखक उंचावर बसून खालच्यांना हसत नाही, तो त्याच पंगतीत बसलेला आहे. कोल्हटकरांच्या कोट्या आज जड वाटतात, वाक्यं लांबतात, हे मान्य केलं पाहिजे. पण मराठी गद्याला आपल्याच माणसांत बसून आपल्यालाच हसायचं वळण त्यांनी लावलं, आणि गडकऱ्यांपासून पुढची सगळी परंपरा त्या ऋणात आहे.

तिसरं, आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी आपल्या काळातल्या कवितेची विडंबनं केली. फारसी शब्दांचा सोस, प्रेमाचे उसासे, ठरावीक वृत्तं, सगळं त्यांनी पकडलं. हे पकडता आलं, कारण त्यांचं त्या कवितेवरचं प्रभुत्व मूळ कवींच्या तोडीचं होतं. ज्याला चांगली कविता कशाला म्हणतात ते कळत नाही, त्याला वाईट कवितेचं विडंबन जमत नाही. पण आज काय झालं आहे? अनेक वाचकांना मूळ कविता ठाऊकच नाहीत. ते विडंबन वाचून हसतात, पण ते हसू नुसत्या गमतीचं आहे. त्यातली टीका त्यांच्यापर्यंत पोचत नाही. माप विसरलं गेलं की उपहासाची करमणूक होते, ती अशी.

चौथं उदाहरण अवघड आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचं आहे. १९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलं. पुण्याच्या ब्राह्मणांची रांग हाच त्या नाटकाचा पडदा. ही रांग गाते, डोलते, मागे चाललेलं झाकते आणि सोयीने उघडंही करते. घाशीराम आपली मुलगी नानाला देऊन कोतवाली मिळवतो, शहर छळतो, आणि काम झाल्यावर नाना त्याला जमावाच्या हाती सोपवून मोकळा होतो. नाटकाला विरोध झाला. नाना फडणवीसांची बदनामी झाली, एका जातीची बदनामी झाली, असं म्हटलं गेलं. आमच्या मते हा वाद मुळात मापाचाच होता. तेंडुलकरांचं माप होतं सत्तेचं: सत्ता आपल्या सोयीसाठी गुंड तयार करते आणि गरज संपली की त्याचा बळी देते. आक्षेप घेणाऱ्यांचं माप होतं इतिहासाचं: नाना खरोखर असे होते का? एकाच नाटकाकडे दोन वेगळे काटे घेऊन माणसं आली. आक्षेप अगदीच निराधार होता, असंही आम्ही म्हणणार नाही. खरं नाव घेतलं की खऱ्या माणसाचं ओझं येतंच. पण ती रांग जातीपेक्षा बघ्यांची रांग आहे, जे दिसतं ते झाकायला मदत करणाऱ्यांची. ती कोणत्याही गावात उभी राहू शकते, आणि नाटक टिकलं ते त्यामुळे.

आता वृत्तपत्रांकडे येऊ. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झालं, आणि त्याचं प्रकाशन केलं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. ज्यांच्यावर कुंचला चालणार, त्यांच्याच हस्ते सुरुवात! माप दोन्ही बाजूंना मान्य असण्याचं याहून चांगलं चित्र सापडणार नाही. बाळासाहेब ठाकरे हे फार ताकदीचे व्यंगचित्रकार होते. रेषा थोडी, पण माणूस अख्खा. पण पुढे त्याच साप्ताहिकात मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. मथळा होता, ‘वाचा आणि थंड बसा’. मथळा उपरोधिक आहे, उत्तम उपरोधिक आहे. मराठी मुलांच्या बेकारीचा प्रश्नही खरा होता. पण मथळ्याखाली काय आहे? नावांची यादी. व्यंगचित्र माणसाच्या वागण्यावर असतं, यादी माणसाच्या जन्मावर. वागणं बदलता येतं, म्हणून त्यावरच्या टीकेला उत्तर देता येतं. आडनावाला कोण काय उत्तर देणार? एकाच साप्ताहिकाच्या पानांवर उपरोध आपली हद्द कशी ओलांडतो, हे इथे स्वच्छ दिसतं.

हा धोका जुना आहे. इसवी सनापूर्वी ४२३ मध्ये अथेन्सला अ‍ॅरिस्टोफेनीसचं ‘मेघ’ हे प्रहसन झालं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत लटकून आकाशाचा अभ्यास करतो आणि पोरांना खोट्याचं खरं करायला शिकवतो. खरा सॉक्रेटिस अशा शिकवणीच्या विरुद्ध होता. चोवीस वर्षांनी त्याच्यावर खटला झाला. प्लेटोने त्याचं जे भाषण नोंदवलं आहे, त्यात सॉक्रेटिस म्हणतो की आजच्या फिर्यादींपेक्षा जुन्या अफवा जास्त घातक आहेत, आणि त्या संदर्भात तो या प्रहसनाचा उल्लेख करतो. अ‍ॅरिस्टोफेनीसने त्याला मारलं, असं आम्ही म्हणत नाही. पण हसून झाल्यावरही चित्र डोक्यात उरतं, हे उपहास करणाराने ध्यानात ठेवलं पाहिजे.

मग अशा उपहासाला तुरुंगात टाकावं का? नाही. २०१२ साली मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे ते कलम मागे घ्यावं लागलं, आणि सरकारवरची कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हे त्याच प्रकरणात २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं. ती चित्रं आम्हाला कलेच्या दृष्टीने फार मोठी वाटत नाहीत. पण वाईट उपहासाला उत्तर चांगल्या टीकेने द्यायचं असतं. बेडी घातली की काटाच सरकारच्या खिशात जातो.

आणि आता आपलं रोजचं जगणं. इथे आम्हाला खरी काळजी वाटते. साहित्यातला उपरोध बहुधा वर जातो, सत्तेकडे, रूढीकडे. घरातला टोमणा मात्र खाली जातो. सासू सुनेला बोलते, मास्तर नापास पोराला बोलतो, मालक सालगड्याला बोलतो, आणि वर म्हणतात, ‘अरे, चेष्टा केली, एवढं काय लागतं?’ ज्याला उलट बोलायची सोय नाही, त्याची चेष्टा म्हणजे चेष्टा नव्हे. मोबाइलवर दिवसभर फिरणारे विनोद पाहा: बायका, जाती, काळी माणसं, जाडी माणसं. त्यात कुणाचं वागणं तपासलेलं नसतं. नाटक-सिनेमात आपल्या मराठवाड्याची बोली फार वेळा गड्याच्या किंवा येड्याच्या तोंडी घातली जाते. माणूस काय बोलतो यावर हसू नाही, तो कसा बोलतो यावर आहे. मग आपलीच पोरं पुण्याला गेली की ‘करूलालो, जाऊलालो’ गिळून टाकतात. त्यांना कुणी कायद्याने बंदी केली नव्हती. हसण्यानेच केली.

तेव्हा कुणाची चेष्टा ऐकली की तीन गोष्टी विचाराव्यात. माप कोणतं आहे? ते त्या माणसालाही मान्य आहे का? आणि त्याला उत्तर द्यायला, बदलायला जागा ठेवली आहे का? सत्ताधारी माप मानतच नसेल, तर उपरोध त्याच्यासाठी नसतोच. तो आपल्यासाठी असतो, दहाची वेळ ठरली होती हे आपण विसरू नये म्हणून.

नामदेवांचं गाव नर्सी याच जिल्ह्यातलं. परंपरा सांगते की संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. भर सभेत झालेली ही चेष्टाच होती, आणि ती नामदेवांना लागलीही. पण मडकं कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. ते भाजता येतं. नामदेव उठले आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. चेष्टा झालेल्या माणसापुढे अशी एक वाट मोकळी राहिली पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे.