मोर्तब आणि मजकूर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संग्रहांतील मोडी पत्रे अभ्यासताना शिक्क्याच्या जागेलाही मजकुराइतकेच महत्त्व द्यावे लागते. शिवकाली 'मर्यादेयं विराजते' आणि पेशवाईत 'लेखनसीमा' ही मुद्रा अखेरच्या अक्षरांना लगटून उमटे. पुढे एक ओळही कोणास घुसडता येऊ नये, हा तिचा हेतू. मजकूर कोठे संपतो हे सांगणे, हेच तिचे काम होते.

संगणकांनी परस्परांस धाडलेल्या निरोपांनाही नेमके हेच संरक्षण हवे असते. वाटेवरचे कूटीकरण ही जासुदाची बंद थैली होय. मधल्या मुक्कामावर ती उघडली की तिचे रक्षण संपले. म्हणून प्रत्यक्ष निरोपालाच सही जोडणारे 'डब्ल्यूएस-सिक्युरिटी' हे मानक ओअ‍ॅसिस या संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. योजना स्तुत्य खरी. परंतु तीमधील सही बहुधा मजकुराच्या जागेला बांधलेली नसते. मजकुराच्या भागास दिलेल्या खुणेवरून ती त्याला शोधते.

घात होतो तो येथेच. मॅकिंटॉश व ऑस्टेल यांनी २००५ साली दाखविले की, सही केलेला मूळ भाग खुणेसह शीर्षभागाच्या एखाद्या कोपऱ्यात हलवून त्याच्या जागी दुसरीच आज्ञा ठेवता येते. सही तपासणाऱ्यास खूण सापडते व तो 'अस्सल' म्हणतो. आज्ञा पाळणारा मात्र नेहमीच्या जागी पाहतो आणि बनावट मजकूर अमलात आणतो. २०११ साली बोखूमच्या संशोधकांनी अ‍ॅमेझॉनच्या मेघसेवेतही हा दोष दाखविला व तो दुरुस्त करण्यात आला.

या प्रकारात कूटगणिताचा एक अंकही मोडलेला नसतो. तेव्हा अधिक लांब किल्ली सुचविणारी टीका निरर्थक म्हणावी लागते. खरा दोष दोन वाचकांचा आहे: एकाने मोर्तब पाहावे, दुसऱ्याने पत्र वाचावे, आणि दोघांच्या हाती कागद मात्र वेगळे! (फडावरच्या कारकुनासही याचे नवल वाटले असते.) यास्तव जो भाग पडताळला तेवढाच पुढे सोपविणे, हा उपाय अधिक सयुक्तिक होय.

एवढ्यानेही जुना अस्सल निरोप जसाच्या तसा पुन्हा धाडणारा अडत नाही. त्यासाठी वेळेची नोंदही सहीच्या कक्षेत आणावी लागते. पेशव्यांच्या आज्ञापत्रांत तारीख 'लेखनसीमे'च्या अलीकडेच येते.