फुलपांखराची कथा आणि हेरगिरीचा खटला

डेव्हिड हेन्री ह्वांग यांचें ‘एम. बटरफ्लाय’ हें १९८८ सालचें नाटक सत्य घटनेवर रचिलेलें म्हणून प्रसिद्ध आहे. वर्तमानपत्रांतील बातमीपलीकडे शोध आपण बुद्ध्याच केला नाहीं, असें नाटककारानें स्वतः लिहून ठेविलें आहे. त्यास तें स्वातंत्र्य आहेच; विशाखदत्ताकडे चंद्रगुप्ताचीं दप्तरें कोण मागतो ? आमचा आक्षेप आहे तो नाटकासच पुरावा मानणाऱ्या वाचकांवर.

मूळ प्रकरण असें. बर्नार्ड बुर्सिको हा १९६४ सालीं पेकिंग येथील फ्रेंच वकिलातींत हिशेबनीस होता. वय अवघें वीस. तेथें शी पेइ-पू या ऑपेरा-गायकाशीं त्याचा परिचय झाला. घरीं पुत्र हवा म्हणून आपणांस मुलग्याप्रमाणें वाढविलें, वस्तुतः आपण स्त्री आहों, अशी समजूत शी यानें करून दिली. पुढें मुलगा झाल्याचेंही भासविलें. १९६९ सालीं बुर्सिको पेकिंगास परतला, आणि भेटी चालू राहाव्या म्हणून वकिलातीचे कागद चिनी अधिकाऱ्यांच्या हातीं देऊं लागला. मंगोलियांतील नेमणुकींतही हा क्रम सुटला नाहीं. १९८३ सालीं फ्रान्समध्यें दोघांस अटक झाली व वैद्यकीय तपासणींत शी पुरुष ठरला. १९८६ सालीं प्रत्येकीं सहा वर्षांची शिक्षा. १९८७ सालीं माफी.

नाटकांतील गालिमार हा विवाहित, प्रौढ अधिकारी असून पुच्चिनीच्या जपानी नायिकेनें त्याचें मन आधींच व्यापिलें आहे. पौर्वात्य स्त्री म्हणजे शरणागता, हा पाश्चात्त्य भ्रम उघडा पाडण्यास ही योजना समर्थ आहे, यांत शंका नाहीं. परंतु प्रत्यक्षांतील फुलपांखरूं चिनी होतें. ल्यांग शानबो व चू यिंगताइ यांच्या आख्यायिकेंत कन्या पुरुषवेषानें विद्याध्ययनास राहते, सहाध्यायी असूनही नायक तिला ओळखीत नाहीं, आणि शेवटीं उभयतांचीं फुलपांखरें होतात. जॉइस वॉडलर यांच्या ‘लिएझाँ’ (१९९३) या ग्रंथावरून दिसतें कीं, शी यानें आधीं ही कथा बुर्सिकोस ऐकविली, व मग तीच आपलीही कथा असल्याचें सांगितलें.

हा पौर्वापर्यक्रम आम्हांस निर्णायक वाटतो. शिंपेवर रुप्याचा भास होण्यास रुप्याचा पूर्वसंस्कार लागतो, असें नैयायिक म्हणतात. नाटकांत तो संस्कार नायक युरोपांतून बरोबर आणतो. म्हणजे फसविणारा व फसणारा जवळजवळ एकच. वस्तुतः तो शी यानेंच प्रथम घडविला व मग त्यावर भास उभा केला. नाटककारानें प्रतारणेचें कर्तृत्व चिनी नटाकडून काढून फ्रेंच गृहस्थास बहाल केलें. पाश्चात्त्यांचा अहंकार उघडा करूं निघालेल्या कृतींत हें घडावें, हें चमत्कारिक खरें!

शेवटही बदलला आहे. गालिमार रंगभूमीवर प्राण देतो. बुर्सिकोनें तुरुंगांत गळ्यावर पातें चालविलें, पण तो वांचला.

वॉडलरबाईंचा ग्रंथही सावधपणें वाचावा. त्याचा मुख्य आधार बुर्सिकोची जबानी होय, आणि फसलेला मनुष्य आपल्या फसवणुकीचा साक्षीदार म्हणून दुर्बळच. शी २००९ सालीं पॅरिस येथें वारला. कथा कोणत्या शब्दांनीं व किती वेळां सांगितली, हें जाणणारा दुसरा साक्षीदार त्याच्याबरोबर गेला.